घट

लेकीच्या बेझाँसाँमधल्या स्वयंपाकघरात मी यंदा घट बसवला. परडी मिळाली नाही, केकचा साचा मिळाला. आमच्याकडे वावरी म्हणजे निफाडची काळी माती. इथे फुलझाडांच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी तपकिरी, भुसभुशीत, ओल्या लाकडाच्या वासाचं मिळतं, तेच पसरलं. गहू तेवढा अस्सल निघाला. मधोमध तिचा पितळी तांब्या ठेवला आणि बजावलं, आता नऊ दिवस हे हलवायचं नाही. ती म्हणाली, "आई, ही खिडकी मला रोज उघडावी लागते." म्हटलं, दुसरी उघड.

पाचव्या माळेला शुक्रवार आला. गहू बोटभर वर आला होता. उपवास मी उठता-बसता धरते, मधले दिवस मोकळे, असं स्वतःला समजावलं आणि आम्ही दोघी आर्ब्वाच्या गाडीत बसलो. आर्ब्वाला शुक्रवारी बाजार भरतो. आणि आर्ब्वाला वाइन होते. ही दुसरी गोष्ट मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितली नव्हती. दादा माळकरी आहेत. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण द्राक्षाचं पुढे काय काय होऊ शकतं यातल्या एका शक्यतेकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही.

ज्युरा हा फ्रान्सचा पूर्वेकडचा, स्वित्झर्लंडला टेकलेला डोंगराळ मुलूख. डायनोसॉरच्या सिनेमामुळे घराघरात पोचलेला 'ज्युरासिक' हा शब्द याच डोंगरांच्या नावावरून आला. पर्यटक इथून गाडीने भुर्रकन पुढे जातात, आल्प्सला नाहीतर बर्गंडीला. आर्ब्वा तीन-साडेतीन हजार वस्तीचं. पिवळट दगडी घरं, मधून वाहणारी क्विझाँस नदी, चौकाच्या कडेने कमानी. चौकात बाजार. एवढंच गाव.

बाजार लहान होता, आणि लहान बाजारच मला कळतो. दादांनी शिकवलेलं, आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारायची, मग पिशवी उघडायची. तशी चक्कर मारली. नवे अक्रोड आले होते, कवच अजून ओलसर. टोपल्यांत रानातली आळंबी, बुडाला माती तशीच. काळीनिळी आलुबुखारं, त्यांच्यावर ती पांढुरकी झाक, जी आम्ही द्राक्षावर जिवापाड जपायचो, कारण बोट लागलं की जाते आणि व्यापारी माल जुना म्हणतो. इथेही कुणी बोट लावत नव्हतं. गिऱ्हाईक दाखवतं, विक्रेता उचलतो. मला हात मागे बांधून उभं राहावं लागलं. भाजी दाबून, शेंग मोडून, मिरचीचा देठ पाहून घेणाऱ्या बाईला ही शिक्षाच आहे.

मोर्तोच्या धुरावलेल्या सॉसेजांना एका टोकाला लाकडाची खुंटी टोचलेली असते, ती बघितली. खाल्लं नाही. काँक्वायॉत नावाचं एक चीज डब्यातून चमच्याने ओघळतं, लग्नाच्या पंगतीतल्या बासुंदीसारखं. चवीला मात्र बासुंदीचा काही संबंध नाही. गोल लाकडी डब्यातलं माँ दोर नुकतंच आलं होतं. ते सप्टेंबरात येतं आणि मे महिन्यात जातं, मधल्या उन्हाळ्यात मागाल तर मिळत नाही. हे मला आवडलं. आता आंबासुद्धा दिवाळीला मागणारी माणसं भेटतात.

खरी गर्दी कोंतेच्या गाडीपाशी. कोंते हे इथलं चीज, चाळीसेक किलोचं एकेक चाक. बाईने सुरीच्या टोकावर पापुद्रा धरला. पहिला आठ महिन्यांचा, दुधाळ, गोडसर. मग अठरा महिन्यांचा. त्यात भाजलेल्या कांद्याची चव आणि दाताखाली खडीसाखरेसारखा कण. मग एक फिकट तुकडा आणि एक पिवळाधमक. लेकीने विचारून सांगितलं की फिकट चीज हिवाळ्यातलं, गाई गोठ्यात वाळलं गवत खात होत्या तेव्हाचं. पिवळं उन्हाळ्यातलं, हिरव्या कुरणावरच्या दुधाचं. म्हणजे गाईने काय खाल्लं ते दीड वर्षानंतर रंगावरून कळतं. बाईने विचारलं, आज रात्री खाणार की उद्या? मला वाटलं सहज विचारतेय. पण उत्तरावर तिने कोणता तुकडा कापायचा हे ठरवलं.

एका चाकाला सुमारे चारशे लिटर दूध लागतं. कुणा एकाच्या गोठ्यात पूर्वी एवढं दूध कुठून असणार? म्हणून या डोंगरांतले शेतकरी तेराव्या शतकापासून दूध एकत्र करत आले. त्या जागेला 'फ्रुइतिएर' म्हणतात. मी आधी समजले की फळांचं काहीतरी असेल. तर त्यात फळ आहेच, पण आपण 'कष्ट फळाला आले' म्हणतो त्या अर्थाचं. दूध उन्हाळ्यात जास्त होतं, नासतं. ते चाकात घालून हिवाळ्यापर्यंत नेलं की फळाला आलं. ही एक गोष्ट कुणाला मला भाषांतर करून सांगावी लागली नाही. गावातल्या वाइनच्या सहकारी संस्थेचं नावही फ्रुइतिएरच आहे, आणि ती 1906 पासून चालू आहे. आपल्याकडे लोणीचा प्रवरा कारखाना उभा राहिला 1950 साली, तोही याच हिशेबावर की एकट्याच्या उसाला कुणी विचारत नाही. पुढे आपल्या सहकारात उसापेक्षा आणि दुधापेक्षा चेअरमन मोठा होत गेला. इथल्या चीजच्या फ्रुइतिएरमध्ये डोकावलो, तेव्हा भिंतीवर मी सवयीने फोटो शोधला. एका गाईचा होता.

तांबडी-पांढरी माँबेल्यार्द गाय. कोंतेचा नियम असा की प्रत्येक गाईमागे किमान एक हेक्टर कुरण हवं, मुरघास चालणार नाही, आणि दूध तापवून निर्जंतुक केलेलं चालणार नाही. कच्च्या दुधाचंच कोंते. काचेपलीकडे तांब्याच्या प्रचंड कढया होत्या, आत दूध हलत होतं. दूध घट्ट व्हायला जे घालतात ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं, हेही तिथल्या फलकावर लिहिलेलं. लेकीने ते वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातातला तुकडा पाहिला. अर्धा खाऊन झाला होता. माळ दादांनी घातली आहे, मी नाही, हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा वापरलंय. तिथेही वापरलं आणि उरलेला अर्धा खाल्ला. पण चव थोडी बदलली, खोटं कशाला बोलू.

आणि हे गाव कुणाचं, तर लुई पाश्चरचं. जन्म जवळच्या दोलचा, 1822 चा, पण वाढला आर्ब्वात. वडील कातडी कमावत. नदीकाठचं घर आता संग्रहालय आहे. आपल्या दुधाच्या पिशवीवर ज्या माणसाचं नाव क्रियापद होऊन बसलंय, त्याच्या गावाचं मोठं वैभव म्हणजे त्याचं ऐकून न घेतलेलं दूध! वाइन का बिघडते याचा शोध घ्यायला त्याला नेपोलियन तिसऱ्याने 1863 मध्ये सांगितलं, तेव्हा तो सूक्ष्मदर्शक घेऊन इथेच आला. पुढे गावाबाहेर त्याने स्वतःची बाग घेतली. 1878 मध्ये तिथल्या काही वेली काचेच्या घरात झाकून ठेवल्या, आणि दाखवून दिलं की आंबवणारा जीव द्राक्षाच्या आत नसतो, बाहेरून येऊन सालीवर बसतो. म्हणजे आम्ही जी पांढुरकी झाक जपायचो, तिच्यावरच पाहुणे मुक्कामाला असतात.

दुपारी जेवलो. लेकीने पिवळ्या वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी घेतली, मी मोरी नावाच्या आळंब्यांच्या रश्श्यातला पाव. मोरी वसंतात उगवते, बाकी वर्ष वाळवलेली वापरतात. मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, आणि त्या प्रत्येक घरात साय भरलेली. याहून जास्त लिहीत नाही, कारण पुढच्या गोष्टीला जागा हवी आहे.

आर्ब्वाच्या वर तीनेक किलोमीटरवर प्युपियाँ गाव आहे. तिथे एका बागायतदाराकडे लेकीच्या ओळखीने वेळ ठरली होती. आम्ही चालत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेली, आणि मला आधी ओळखच पटेना. आमच्या बागा मांडवाच्या. माणूस खालून चालतो, घड डोक्यावर लोंबतात. इथे वेली तारेवर, कमरेएवढ्या, ओळीने उभ्या. बाकीची तोडणी उरकली होती, पण साव्हान्यँ जातीची पांढरी द्राक्षं अजून वेलीवर होती. मी दादांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सांज झाली होती. त्यांनी डोळे बारीक केले. मला वाटलं, घड बघतायत.

"पान दाखव," ते म्हणाले. "जवळ ने. पालथं कर."

मी पान पालथं केलं.

"निळसर हाय. बोर्डो मारलंय."

फोन ठेवला तेव्हा मला त्यांचे हात आठवत होते. मोरचूद आणि चुना बादलीत कालवणारे, कोपरापर्यंत निळे. सणाच्या दिवशीही नखांच्या कडेला तो निळा राहायचा. डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने बागायतदार पावसाळाभर झोपत नाही. आभाळ भरलं की रात्री पंप बाहेर. बागायतदारापाशी पोचल्यावर लेकीने ही गोष्ट त्याला सांगितली. सत्तरीचा म्हातारा, अंगावर जुना निळा डगला. त्याने अभिमानाने छातीवर बोट ठेवलं. म्हणाला, बोर्डो म्हणतात खरं, पण माणूस आमचा. अलेक्सी मियार्दे, ज्युरात जन्मलेला, बोर्डोला प्राध्यापक झाला. 1882 च्या सुमाराला त्याने पाहिलं की रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या डाऊनीतून वाचल्यात. वाटसरूंनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मालकाने त्यांच्यावर मोरचूद आणि चुन्याचं घाणेरडं पाणी मारलं होतं. चोरांना भिववायला केलेला उपाय बुरशीला लागू पडला. 1885 मध्ये मियार्देने ते मिश्रण छापून जगाला दिलं. दादांच्या नखांमधला निळा रंग या डोंगरांतल्या माणसाचा निघाला.

त्याच काळात इथे फिलॉक्सेराही आला होता. अमेरिकेतून आलेली, मुळं खाणारी बारीक कीड. ज्युरात तेव्हा सुमारे वीस हजार हेक्टर बागा होत्या, आज दोन हजारांच्या आसपास आहेत. वाचल्या त्या अमेरिकन खुंटावर कलम करून. मी म्हाताऱ्याला सांगितलं की आमची नाशिकची द्राक्षंही अमेरिकन खुंटावरच उभी आहेत, डॉगरिजवर. आमच्याकडे कारण पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन. त्याने वाकून वेलीच्या बुंध्यावरची कलमाची गाठ दाखवली. मी मान हलवली. तेवढ्यापुरतं भाषांतर लागलं नाही.

त्याने आधी लाल वाइन दिली आणि मग पांढरी. सगळीकडे उलट असतं म्हणे. इथली पूल्सार जातीच्या द्राक्षांची लाल इतकी फिकी की कोकमाच्या सरबतात पाणी जास्त झाल्यासारखी दिसते, आणि पांढऱ्याच जास्त जबर. मी घोटभर घेत होते. लाल बरी वाटली, एवढंच म्हणेन. वाइनबद्दल बोलताना लोक जी विशेषणं वापरतात ती माझ्याकडे नाहीत.

मग तो आम्हाला माळ्यावर घेऊन गेला. मला वाटलं होतं तळघर असेल, गार, ओलं. ही जागा कोरडी, हवा खेळती, हिवाळ्यात गारठणारी आणि उन्हाळ्यात तापणारी. ओळीने पिंपं. याच पिंपांत व्हँ झोन, म्हणजे पिवळी वाइन, मुरते.

तिची रीत अशी. साव्हान्यँची वाइन पिंपात भरतात आणि सोडून देतात. लाकडातून ती हळूहळू उडत राहते, पिंपात पोकळी होते. बहुतेक ठिकाणी बागायतदार ती पोकळी वेळोवेळी भरून काढतात, कारण हवा लागली की वाइन बिघडते. इथे भरत नाहीत. मग वर यीस्टची पांढुरकी साय धरते. फ्रेंचमध्ये तिला घुंघट म्हणतात, पण मला साय हाच शब्द बरा वाटतो. ती साय वाइनला फार हवा लागू देत नाही आणि अगदी बंदही ठेवत नाही. पिंप हलवायचं नाही, भरायचं नाही, साय मोडायची नाही. किती दिवस? सहा वर्षं आणि तीन महिने.

मी तिथे उभी राहून आईला आठवत होते. लोणच्याच्या बरणीवर अशी साय दिसली की ती आधी तोंड वाकडं करायची, मग कुणाचा तरी ओला हात लागला म्हणून आम्हा चौघींची झडती घ्यायची, आणि शेवटी बरणी उकिरड्यावर. साय म्हणजे बिघडलं. आमच्या घरात याला दुसरा अर्थ नव्हता. म्हाताऱ्याला विचारलं, बिघडत नाही का कधी? म्हणाला, बिघडतं की. एखाद्या पिंपात साय धरतच नाही, एखाद्याचं व्हिनेगर होतं. मधूनमधून नळीने नमुना काढून तपासायचा, तोही अगदी थोडा. बाकी वाट बघायची.

त्याने पेला दिला. रंग जुन्या तुपासारखा. मी नाकाशी नेला आणि हसायलाच आलं. मेथीच्या लाडवांचा डबा उघडला होता कुणीतरी. भाजलेली मेथी, अक्रोड, आणि कुठेतरी मागे सुंठ. म्हातारा म्हणाला, "कुऱ्ही." लेक म्हणाली, करी म्हणतोय तो. मी म्हटलं, त्याला सांग, करी नावाचा कुठला पदार्थ आमच्या घरात नाही, ही मेथी आहे. तिने फोनवर शोधून मेथीदाण्यांचा फोटो दाखवला, पण तो त्याला काही कळला नाही. रात्री तिनेच वाचून सांगितलं की दोन्हींत एकच रसायन असतं, सोटोलॉन नावाचं. वास खरंच तोच.

चव मात्र पहिल्या घोटाला आवडली नाही. कोरडी, आंबट, खारवट, जिभेवरून उतरायलाच तयार नाही. त्याने कोंतेचा तुकडा आणि अक्रोडाचा गर पुढे केला. ते खाऊन दुसरा घोट घेतला. मग जे झालं ते असं की तिन्ही गोष्टी एकमेकींत गेल्या, आणि बराच वेळ मी काही बोलले नाही. लेक माझ्याकडे पाहत होती. नवरात्रात आईला वाइन चढली असं तिला वाटलं असणार.

बाटलीसुद्धा वेगळी, आखूड, रुंद खांद्यांची. क्लाव्हलँ म्हणतात. तीत बासष्ट सेंटिलिटर मावतं. लिटरभर वाइन पिंपात घातली तर सहा वर्षांनी तेवढीच उरते, म्हणून बाटली तेवढ्याच मापाची. बाकीची देवदूतांनी प्यायली असं फ्रेंच म्हणतात. आमच्या बाजारात याला घट म्हणतात. गूळ, कांदा, शेंगा, सगळ्यात घट धरावी लागते, आणि घट किती यावरून अडत्याशी भांडणं होतात. घटीच्या मापाची बाटली करून ती मानाने टेबलावर ठेवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

दक्षिणेला थोड्या अंतरावर शातो-शालाँ आहे, तिथली पिवळी वाइन सगळ्यात नावाजलेली. म्हाताऱ्याने तिच्याबद्दल एक सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं. तोडणीआधी तिथे समिती बागा बघते. वर्ष नीट पिकलं नसेल तर त्या वर्षी शातो-शालाँ या नावाने एक थेंबही निघत नाही. 1974, 1980, 1984, 2001. चार वर्षं कोरी आहेत.

दादांचंही असं एक वर्ष आहे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, भाव चढलेला, व्यापारी दारात. म्हणाला, आजच तोडा. दादांनी एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाले, साखर भरली नाही, दहा दिवस थांब. व्यापारी म्हणाला, गिऱ्हाइकाला काय कळतंय. दादा म्हणाले, "आंबा अढीत पिकतो. द्राक्ष येलीवरच पिकतं, तोडलं की संपलं." व्यापारी शेजारच्या बागेत गेला. सातव्या दिवशी गारा पडल्या. अर्ध्या तासात खाली मण्यांचा सडा. आई रडली. दादांनी त्या रात्री कीर्तनाला जायचं ठरवलं होतं, ते गेले. आम्ही मुली मोठ्या झाल्यावर पुष्कळ वर्षं याला त्यांचा हट्ट म्हणत आलो. व्यवहार कळत नाही म्हणायचो. मीही म्हणायचे, सगळ्यात मोठ्याने.

एक बाटली घेतली. महाग होती, किंमत रुपयांत करू नकोस असं लेकीने आधीच बजावलं होतं, तरी मी केली.

रात्री बेझाँसाँला परतलो तर गहू आणखी अर्धं बोट वर आला होता, आणि एका बाजूला, खिडकीकडे कलला होता. सकाळी उठून दादांना फोन केला. वाइनचं सांगूनच टाकलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग प्यायलीस का, असं काहीच न विचारता म्हणाले, "सहा वर्सं माल पडून राहतो, तर पैसं कधी हातात येतं?"

म्हटलं, सहा वर्षांनी.

"आन् घट?"

"लिटरमागं बासष्ट उरतं."

पलीकडे हिशोब चाललेला ऐकू येत होता, ते आकडे पुटपुटतात.

"अडतीस टक्के," ते म्हणाले. "मग काय वाईट न्हाई. बेदाण्यात तर चार किलोचा किलोच होतो."